केस गळतायत? पाण्याला दोष देण्याआधी

बोईसरला नोकरीसाठी येऊन सहा-आठ महिने झालेल्या कुणालाही विचारा, केस का गळतायत? उत्तर तयार असतं : "इकडचं पाणी बाधलं." सालवड, पास्थळ, कुंभवली, सरावली, कुठल्याही चाळीत जा, नाहीतर नव्या इमारतीत, हेच ऐकू येतं. मग खर्च सुरू होतो. कांद्याचं तेल येतं, बायोटिनच्या गोळ्या येतात, नळाला लावायचा फिल्टर येतो, आणि एवढं करून भागलं नाही की पार्लरमधली 'ट्रीटमेंट'.

पाण्यावर संशय घ्यायला या पट्ट्यात कारण नाही, असं कोण म्हणेल? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018च्या प्रदूषण निर्देशांकात बोईसरला लागूनच असलेलं तारापूर औद्योगिक क्षेत्र 93.69 गुणांनी देशात पहिलं आलं होतं. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने 2016 साली याच प्रदूषणाविरोधात राष्ट्रीय हरित लवादात नेलेल्या प्रकरणात जानेवारी 2022 मध्ये शंभराहून अधिक उद्योगांना दंड ठोठावला गेला. म्हणजे भीती काही हवेतली नाही. पण प्रदूषण आहे हे खरं असलं, तरी आपले केस त्यानेच गेले हे त्यावरून ठरत नाही. कारण चुकीचं धरलं की पैसे जातात, केसही जातात, आणि खरं दुखणं तसंच राहतं.

याचा धडा आपल्याच राज्यात ताजा आहे. डिसेंबर 2024च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस अचानक जाऊ लागले. हात फिरवला की पुंजकेच्या पुंजके हातात, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. बायका, पुरुष, मुलं, कुणीच सुटलं नाही. पहिला संशय अर्थातच पाण्यावर. तो खारपाणपट्टा, बोअरच्या पाण्यात क्षार आणि नायट्रेट भरपूर निघाले. मग बुरशीचा संसर्ग म्हणून झालं, शाम्पूवर बोट दाखवून झालं, आणि वाहिन्यांनी 'टक्कल व्हायरस' असं बारसंही करून टाकलं. आयसीएमआर आणि एम्सची पथकं येऊन नमुने घेऊन गेली. पद्मश्री डॉ. हिंमतराव बावस्कर, ज्यांना आपण महाडचे विंचूदंशाचे डॉक्टर म्हणून ओळखतो, त्यांनी मात्र लोकांच्या घरातला गहू तपासायला पाठवला. रेशनवर आलेल्या, राज्याबाहेरून पुरवठा झालेल्या त्या गव्हात किलोमागे 14.52 मिलिग्रॅम सेलेनियम सापडल्याचं त्यांनी जाहीर केलं. धुतलेल्या गव्हातही 13.61. सेलेनियम शरीराला लागतं, पण चिमूटभरसुद्धा नाही इतकं कमी. जास्त झालं की केस जातात, नखं ठिसूळ होतात. पुढे काही महिन्यांनी त्याच भागात नखं गळाल्याच्याही तक्रारी आल्या.

म्हणजे सगळं गाव पाण्याकडे बघत होतं तेव्हा संशयाची वस्तू पिठाच्या डब्यात होती. सालवडच्या गव्हात सेलेनियम आहे, असं मी मुळीच म्हणत नाही. सांगायचं एवढंच की केसांचं कारण शोधताना डोक्यावरून सुरुवात करू नका.

कंगव्यातला एक केस उचला

पहिली तपासणी फुकटची आहे. कंगव्यात आलेला केस पांढऱ्या कागदावर ठेवा आणि दोन्ही टोकं उजेडात बघा. एका टोकाला टाचणीच्या डोक्याहून बारीक पांढरा गोळा दिसला, तर केस मुळापासून सुटला आहे. गोळा नाही, लांबी वेडीवाकडी, टोक झाडूच्या काडीसारखं फाटलेलं, तर केस मधेच तुटला आहे. ही दोन वेगळी दुखणी आहेत. तुटण्यामागे जड पाणी, कडक साबण, ओल्या केसांवर कंगवा, घट्ट बांधणी, इस्त्री, रंग अशी बाहेरची कारणं असतात. मुळापासून सुटण्याची कारणं बहुतेक वेळा शरीरात असतात, आणि ती आजची नसतात.

दिवसाला पन्नास ते शंभर केस जाणं हा नेम आहे. आठवड्याने न्हाणाऱ्या बाईला न्हाणीच्या जाळीवर एकदम पुंजका दिसतो, तो बऱ्याचदा तुंबलेला हिशेब असतो. पण गळती खरोखर दुप्पट-तिप्पट वाढली असेल, तर कॅलेंडर काढा आणि दोन-तीन महिने मागे जा. डेंग्यू, टायफॉइड, मलेरिया, बाळंतपण, शस्त्रक्रिया, उपास करून उतरवलेलं वजन, घरातला मृत्यू, असं काही घडलं होतं का? अशा धक्क्याने बरेच केस एकदम वाढ थांबवतात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. म्हणून पावसाळ्यातल्या तापाचे केस दिवाळीच्या सुमारास जातात, आणि बिचाऱ्या दिवाळीच्या उटण्यावर आळ येतो.

नव्याने आलेल्या कामगारांचंही बहुधा हेच होतं. गाव सुटलं, रात्रपाळी आली, खानावळीतलं पातळ वरण आणि भात सुरू झाला, दोन महिन्यांत वजन उतरलं. पुढच्या महिन्यात केस गळू लागले की नजर जाते नव्या पाण्यावर, कारण बदललेल्या गोष्टींपैकी तेच डोळ्यांना दिसतं. अशी गळती मूळ कारण संपलं की साधारण सहा महिन्यांत आपोआप आवरते. केस महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो, त्यामुळे पंधरा दिवसांत फरक दाखवणारी प्रत्येक बाटली खोटी समजावी.

पाणी काय करतं, काय करत नाही

बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. अंगाचा साबण त्यांच्याशी मिळाला की फेस होत नाही, राखाडी चिकट साका होतो. बादलीच्या कडेला जो पट्टा बसतो तोच. तो केसांवर बसला की केस राठ होतात, गुंततात आणि विंचरताना तुटतात. जड पाण्याने केस मुळातून जातात याला मात्र भक्कम पुरावा नाही. तेव्हा नळाला पाच-सहा हजारांचा फिल्टर लावण्याआधी डोक्याला अंगाचा साबण लावणं बंद करा. घरातल्या पुरुषांना हे विशेष सांगावं लागतं. शाम्पू, शिकेकाई, रिठा यांचा असा साका होत नाही, म्हणून खाऱ्या पाण्याच्या गावांत शिकेकाईच बरी पडते, हे आपल्या आज्यांना रसायनशास्त्राशिवाय कळलं होतं. न्हाऊन झाल्यावर शेवटचा तांब्या नळाच्या किंवा पावसाच्या पाण्याचा घ्या. तेही नसेल तर तांब्याभर पाण्यात चमचाभर लिंबाचा रस पुरतो. अख्खं लिंबू डोक्यावर चोळायचं नाही. टाळू चुरचुरते आणि उन्हात गेल्यास काळे डाग पडतात.

टीडीएस मोजायच्या पेनाविषयी एक सावधगिरी. ते पेन पाण्यातले एकूण विरघळलेले क्षार सांगतं. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याला 500 ही पसंतीची मर्यादा आहे, दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. पण शिसं, क्रोमियम, कीटकनाशक किंवा कारखान्यातलं द्रावण पाण्यात आहे की नाही, हे पेनाला ओळखता येत नाही. आकडा 150 दाखवतोय म्हणून पाणी निर्धास्त, असं इथे तरी समजू नये.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे

शिकेकाई करायचीच तर शेंगांची करा, पुडीतल्या भुकटीची नको. भुकटीचा चोथा टाळूत अडकतो आणि पुडीत नेमकं काय दळलंय हे कळत नाही. मूठभर शेंगा, बिया काढलेले चार-पाच रिठे आणि थोडा सुका आवळा रात्री भिजत घालायचा, सकाळी मंद आचेवर उकळून, कुस्करून, धोतराच्या फडक्यातून गाळायचं. डोळे मिटून लावायचं, कारण रिठा डोळ्यांना झोंबतो. आपल्या दमट हवेत हा काढा दुसऱ्या दिवशी आंबूस होतो; उरला तर ठेवत बसू नका.

तेलात खोबरेल तेवढं खरं उपयोगाचं. रेळे आणि मोहिले या संशोधकांनी 2003 मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना करून दाखवलं की धुण्याआधी लावलेलं खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातलं प्रथिन कमी जातं. बाकी दोघांना ते जमलं नाही. म्हणजे तेल लावायचं ते न्हाण्याआधी तास-दोन तास, आणि केसांच्या लांबीवर. तेलाने नवा केस उगवत नाही. कोंडा असेल तर रात्रभर टाळूवर तेल थापणं म्हणजे कोंड्याच्या बुरशीला जेवण वाढणं; तिथे औषधाच्या दुकानातला कीटोकोनाझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं ठेवून धुवावा. त्यात कमीपणा वाटण्यासारखं काही नाही. कांद्याच्या रसाचा बोलबाला 2002 मधल्या बगदादच्या एका छोट्या अभ्यासावरून झाला. तो चाई पडलेल्यांवर होता, साध्या केसगळतीवर नव्हे.

खोबरेल घेताना बाटली उलटून बघा. खाद्यतेल म्हणून विकलेल्या बाटलीवर अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक असतो. केशतेल सौंदर्यप्रसाधनांच्या कायद्याखाली येतं. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने करासंदर्भात निकाल दिला की लहान बाटलीतलं शुद्ध खोबरेल, केशतेल म्हणून विकलं नसेल तर, खाद्यतेलच. घरच्या परीक्षेला थोडं तेल काचेच्या पेल्यात ओतून फ्रिजमध्ये ठेवा. खोबरेल गोठतं, दुसरं तेल मिसळलेलं असेल तर ते पातळ थर होऊन वेगळं राहतं.

आता जिथे जपायला हवं ते. मेंदीचा स्वतःचा रंग नारिंगी-तपकिरी. अर्ध्या तासात केस कोळशासारखे काळे करणारी 'हर्बल काळी मेंदी' मेंदीच्या जोरावर काळं करत नाही. तिच्यात बहुधा पीपीडी नावाचा रंग असतो, ज्याने काहींच्या टाळूला फोड येतात, पापण्या सुजतात. कानामागे ठिपका लावून अठ्ठेचाळीस तास थांबा, आधी कधी त्रास झाला नसला तरी. शाळकरी मुलींच्या उवांवर सीताफळाच्या बियांची पूड हा आणखी एक घरचा उपाय. ती पूड डोळ्यांत गेली तर बुबुळाला जखम होते, आणि मुलीच्या डोक्यावरची वस्तू डोळ्यांत जाणार नाही याची हमी कोण देणार? रॉकेलचं तर नावच नको, चूल शेजारी असते. ओल्या, तेल लावलेल्या केसांतून बारीक फणी एक दिवसाआड पंधरवडाभर फिरवली तर बऱ्याच उवा-लिखा निघतात. नाही निघाल्या तर परमेथ्रिनचं औषध मिळतं. घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी बघायची, एवढं पथ्य.

कारखान्यात पावडर, रंग, औषधांची भुकटी हाताळणाऱ्यांनी डोक्याला सुती फडकं बांधून वर टोपी किंवा हेल्मेट घालावं आणि घरी आल्यावर मुलांना उचलून घेण्याआधी हात-तोंड धुवावं. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत भिजवू नयेत. हे केसांपेक्षा घरासाठी जास्त.

ताटात काय आहे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. निम्म्याहून जास्त. सकाळी चहा-खारी, दुपारी डब्यात भाजी-पोळी, संध्याकाळी परत चहा, रात्री उरलेला भात, या दिवसात लोह आणि प्रथिन शिरणार कुठून? पन्नास किलो वजनाच्या बाईला रोज साधारण चाळीस-पन्नास ग्रॅम प्रथिन लागतं; एका अंड्यात सहा ग्रॅम. शरीराला कमी पडलं की ते हृदय-मेंदूचं आधी बघतं, केसांचा नंबर शेवटचा.

आणि यासाठी महागडी पावडर कशाला? सातपाटी, मुरबे, नवापूर इथून सुकट, जवळा, बोंबील बोईसरच्या बाजारात येतो. किलोच्या भावाने बघाल तर महाग वाटेल, पण सुक्या मासळीत पाणी नसल्यामुळे मूठभर जवळा कांद्यावर परतला तरी घराच्या भाकरीला चव आणि प्रथिन दोन्ही देतो. घेताना ओलसर, पांढरट-हिरवट बुरशीची घेऊ नका, आणि घरी कोमट पाण्यात दोनदा धुवा, वाळू आणि मीठ दोन्ही उतरतं. शाकाहारींना कुळीथ, हरभरा, चवळी, शेवग्याचा पाला, हळीव. पावसाळ्यात पाड्यांवरच्या बाया टाकळा, शेवळं, कुर्डू घेऊन बसतात. ती भाजी घ्या, पण ओळख नसेल तर कशी शिजवायची हे त्यांनाच विचारून घ्या. शेवळं नीट केली नाहीत तर घसा खवखवतो. डाळ-पालेभाजीवर लिंबू पिळा आणि जेवणानंतर तासभर चहा नको. चहा अन्नातलं लोह अडवून धरतो. गहूच गहू बारा महिने खाण्यापेक्षा नाचणी, तांदूळ, ज्वारी फिरती ठेवा. बुलढाण्याच्या गोष्टीनंतर याचा आणखी एक अर्थ लागतो : एका खेपेत काही दोष असला तरी सगळं पोट त्याच्यावर नसतं.

रेशनच्या तांदळाबद्दल थोडं सविस्तर, कारण पाड्यांवर अजून हे चालू आहे. तांदळात मधेच काही दाणे जास्त पांढरे, गुळगुळीत दिसतात आणि धुताना वर तरंगतात. 'प्लास्टिकचा तांदूळ' म्हणून बाया ते वेचून फेकतात. ते प्लास्टिक नाही. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 जीवनसत्त्व मिसळून केलेले ते दाणे, शंभर दाण्यांना एक या प्रमाणात सरकार मुद्दाम घालत आलं आहे. शंका असेल तर पाच-सहा दाणे वाटीत वेगळे शिजवा. बोटाने मऊ दाबले जातात. रक्तक्षयाच्या घरात नेमकं लोहच उकिरड्यावर जातंय, याहून वाईट काय? मात्र घरात कुणाला सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल तर लोहाबद्दल डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

भेसळीच्या घरगुती परीक्षा सगळ्या करत बसण्याची गरज नाही, दोन पुरतात. पेलाभर पाण्यात चमचाभर हळद न ढवळता सोडा : खरी हळद तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं, रंगवलेली गडद पिवळं करते. हिरवी मिरची, भेंडी ओल्या कापसाने पुसा; कापूस हिरवा झाला तर भाजीवाला बदला. वडापाव वर्तमानपत्रात देऊ नये असा नियम आहे, छपाईची शाई तेलात उतरते. गाडीवाल्याला सांगा, किंवा घरून डबा न्या. सुट्या मालाबद्दल खात्रीची तक्रार असेल तर अन्न व औषध प्रशासनाचा 1800-222-365 हा क्रमांक आहे.

याहून मोठी काळजी मला वाटते ती निळ्या ड्रमची. औद्योगिक भागात भंगारातून निळे ड्रम आणि पांढरे कॅन स्वस्तात मिळतात आणि टंचाईच्या दिवसांत घरोघरी पाण्याला, कुठे कुठे तांदूळ साठवायलाही लागतात. सोडा घालून, उन्हात तापवून वास गेला म्हणजे रसायन गेलं असं नाही; प्लास्टिक ते शोषून धरतं आणि हळूहळू सोडतं. लेबल फाडलेल्या ड्रममध्ये पूर्वी काय होतं हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. अशा ड्रममधलं पाणी पिऊ नका, स्वयंपाकाला नको, भाजी धुवायलाही नको. हंडा लहान पडत असेल तर नवी, खाद्यवस्तूंसाठीची टाकी घ्या. केसांच्या तेलांवर गेलेल्या पैशांत ती येते.

कधी डॉक्टरकडे

टाळूवर गोल चकती पडली, खाज-पू आहे, भांग रुंद होत चाललाय, पाळी अनियमित आहे, किंवा सहा महिने उलटले तरी गळती थांबत नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन आणि थायरॉइड तपासायला सांगतील. बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबमध्ये आधी सांगा; त्यांनी थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात आणि नसलेल्या आजाराची गोळी सुरू होते.

एकाच घरात किंवा एकाच आळीत चार-पाच जणांचे केस आठ-दहा दिवसांत जाऊ लागले, सोबत नखं, उलट्या, अंगावर चट्टे असं काही असेल, तर मात्र हा घरगुती उपायांचा विषय राहत नाही. त्या महिन्याचा गहू-तांदूळ संपवून टाकू नका, किलोभर बंद डब्यात तारीख लिहून ठेवा. रेशनची पावतीही ठेवा. प्राथमिक आरोग्य केंद्रात सगळ्यांची नावं, वयं आणि त्रास सुरू झाल्याची तारीख एकाच कागदावर लिहून द्या. पाण्यासाठी ग्रामपंचायतीत चौकशी करा : जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच महिलांना पाणी तपासायचं किट आणि प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे, तुमच्या गावातल्या त्या पाच जणी कोण आहेत विचारा. त्या किटमध्ये जडपणा, नायट्रेट, लोह, क्लोरीन कळतं. धातू आणि रसायनं कळत नाहीत, त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत पाठवण्याचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नमुना बोअर पाच मिनिटं चालवून मग घ्यायचा, आणि ज्या ड्रममध्ये पाणी साठवता त्यातला दुसरा वेगळा. बोअरचा नमुना चांगला आणि ड्रममधला वाईट निघाला, तर दोष जमिनीत नाही, ड्रममध्ये आहे.